आमदारसाहेबांची बाही

"आता सांगतो त्यावर कुणाचाही विश्वास बसायचा नाही, आणि बसला तर मी नावाचा शिंपी नाही!" असं म्हणत शिंपीआजोबांनी पोरीच्या खांद्याला टेप लावली.

गणवेशाचं माप. चुटकीसरशी व्हावं असं काम. पण आजोबांना आज ते ताणायचं होतं. कोपऱ्यात काजं करत बसलेली बाई त्या पोरीची आई होती, आणि दाराबाहेर स्कूटर चालूच ठेवून उभा होता तो चुलता. बाप गेला की पोर बापाच्या भावाच्या हवाली, असा कायदा. आईने जवळ घ्यायचं नाही, बोलायचं नाही. माप होईस्तोवर डोळे भरून बघायचं, तेवढंच.

"आटपा, आजोबा!" चुलता ओरडला.

"घाई केली की बाही लंगडी होते, शेठ!" स्कूटरच्या फटफटीत त्याला आतलं ऐकू येत नाही हे हेरून आजोबा पुढे म्हणाले, "तर पोरी, मागच्या आठवड्यात तुझी आई, मी आणि तिच्यासारख्याच आणखी चारजणी आमदारसाहेबांच्या दारी गेलो. म्हटलं, आज सभागृहात मतदान आहे, एवढा कायदा बदला."

"मग?"

"साहेब म्हणाले, 'ताई, विषय नाजूक आहे. समाजाच्या भावना आहेत.' तेवढ्यात टर्रर्र! कोट बगलेत उसवला. म्हणाले, 'आलाच आहात तर दोन टाके मारा.'"

इथवर खरं होतं. टाके आईनेच घातले. साहेब हात उचलून उभे. ती बगलेशी वाकून शिवता शिवता लेकीबद्दल सांगत होती, आणि साहेब फोनवर बोलत होते. शेवटी "छान" म्हणाले, ते शिवणीला. संध्याकाळी सभागृहात मतदानाला हात वर करायची वेळ आली तेव्हा तो डागडुजी केलेला हात मांडीवर लोळत राहिला.

"पण तुझी आई काय साधी बाई आहे? शिवण अशी घातली, की हात खालीच येईना! साहेब सभागृहात शिरले तेच हात वर करून. दोघं सभासद हाताला लोंबकळले, अध्यक्ष स्वतः उतरून आले, हात आपला ताठ! साहेबांचा हात वर बघून पक्षातल्या सगळ्यांनी पटापट हात वर केले. झाला की नवा कायदा मंजूर!"

पोर खुदकन हसली. आईलाही हसू फुटलं. सुई बोटात रुतली तरी तिने नजर खाली नेली नाही.

बाहेर हॉर्न वाजला. आजोबांनी टेप पुन्हा त्याच खांद्याला लावली. "आणि त्याच संध्याकाळी सगळ्या पोरी आपापल्या आयांकडे..."

"खोटं!" पोर केवढ्यांदा तरी ओरडली. हसू पार मावळलं होतं. "साफ खोटं, आजोबा! मग काका बाहेर कुणाला न्यायला थांबलेत?"