थर्माकोलच्या पेटीतला वाफा

दत्तात्रेयाने जन्मभर मिठागरात मीठ पिकवलं आणि त्याच ताठ्यात तो लेकीच्या लग्नाला गेला नाय. कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. रोह्याचा आदेश, कंपनीत शिफ्ट करणारा साधा पोरगा, मुलगी बघायला आला तेव्हा सहज बोलून गेला, "आमच्याकडे पाकिटातलंच मीठ लागतं." झालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. प्रतिक्षाही बापाच्याच वळणाची. तिने लग्न केलं आणि तेव्हापासून फोन फक्त आईला.

वर्ष सरलं तशी मिजास उतरली. मायलेकींचा फोन सुरू झाला की हा ओट्यावर बसून उगाच पायाच्या भेगा चाचपायचा, कान मात्र आत. गॅलरी रिकामी पडलीय, काहीतरी लावायला पायजे, असं लेक म्हणाली आणि हा उठला. माफी मागणं काय त्याला जमणार नव्हतं. पण पेटीभर हिरवं घेऊन दारात उभं राहिलं तर पोरगी हाकलून देणार नाय, असं त्याला वाटलं.

पेणच्या मासळी बाजारातून त्याने थर्माकोलची पेटी आणली. बुडाला भोक होतं, ते आधी चिंधीने बुजवलं. माती भरली, धने आणि मेथी पेरली, कडेला पुदिन्याच्या काड्या खोचल्या. मग जन्मभर केलं तेच केलं. लुंगी खोचून एक पाय पेटीत घातला आणि टाचेने माती चोपून चोपून फरशी करून टाकली. मिठाच्या वाफ्यात पाणी मुरलं तर मीठ धरत नाय, हे त्याच्या पायांना पाठ. वर तांब्याभर पाणी ओतलं, ते तसंच उभं राहिलं. गड्याला कोण समाधान.

"अवो, कोथिंबीर लावताय का नाचताय?" सगुणा दारातून म्हणाली.

"तुला काय कळतंय गो त्यातलं," बायकोला एवढंच उत्तर.

उगवलं काय? काय नाय. पुदिन्याने मान टाकली. "आता मीठ तेवढं काढा," सगुणा म्हणाली. पण थांबला तर परत धीर व्हायचा नाय, हे दत्तात्रेयाला माहीत होतं. पेटी तशीच उचलून त्याने कासू स्टेशनात रोह्याची गाडी पकडली. डब्यात शेजारी बसलेल्या बाईने पेटीकडे बघून विचारलं, "बांगडा हाय का?"

"मेथी हाय."

बाईने वास घेतला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

रोह्यात दार प्रतिक्षानेच उघडलं. त्याने नुसती पेटी पुढे केली. तिने बघितलं. दगडासारखी माती आणि मधोमध टाच उमटलेली. कोणाची ते विचारायची गरज नव्हती. पोरगी चौकट धरून हसत सुटली, हसता हसता डोळे पुसायला लागली.

"बाबा, भाजी पेरलीत का मीठ?"

"दोन्हीतलं काय नाय आलं." त्याने पेटी उंबऱ्यावर टेकवली. "चुकलं माझं."

"मातीचं म्हणताय?"

"मातीचंबी."

तिने त्याला आत घेतलं. चिंधी उपटली, माती उकरून मोकळी केली, धने-मेथीचे नवे दाणे पेरले. "आता उगवेपर्यंत इथंच राहायचं. आणि पेटीला पाय लावायचा नाय." दुपारी आदेशने वाढलेली आमटी अळणी लागली. दत्तात्रेयाने पाकिटातलं मीठ स्वतः मागून घेतलं आणि मुकाट जेवला.

मग एका सकाळी तो गॅलरीत गेला, तर माती फुटून मेथीचे कोंब वर आलेले. उगवलं म्हणजे आता घरी जायचं. त्याने मागे बघितलं, कोणी नव्हतं. अंगठ्याने एक कोंब हळूच खाली दाबला, मग दुसरा.

"बाबा," मागून प्रतिक्षा म्हणाली, "अंगठा काढा तिथनं. कोथिंबीर यायचीय अजून."