टायपिंगची चूक

“वहिनी, उद्या मीटिंगमध्ये एवढंच म्हणायचं, की मध्ये माणूस लागतोच,” उमाकांतरावांनी कॉफीचा टंबलर स्वतःच्या हातानं कमलिनीबाईंपुढे सरकवला. “बाकीचं मी बघतो. तुमची नोकरी वाचवतोय मी.”

बाईंनी कॉफी घेतली. चेन्नईतल्या एग्मोरच्या या ऑफिसात या माणसानं त्यांना आजवर पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्या त्या कंपनीत विक्रीचा कॉम्प्युटर वेगळा, तांबरमच्या गोदामाचा वेगळा, आणि दोघांचा एकमेकांशी अबोला. विक्रीकडे आलेली ऑर्डर कागदावर छापून घ्यायची नि गोदामासाठी पुन्हा टाइप करायची, हे बाईंचं काम. विक्रीप्रमुख उमाकांतराव गोदामात माल नसतानाही “माल निघाला” म्हणून बिनदिक्कत ठोकून देत, महिन्याची विक्री फुगवत, आणि गिऱ्हाईक बोंबलत आलं की सोमवारच्या मीटिंगमध्ये बाईंकडे बोट दाखवत. “टायपिंगची चूक. मॅडम, सॉरी म्हणा.”

महाराष्ट्र मंडळात वहिनी, मीटिंगमध्ये मॅडम! आणि मॅडम मुकाट्यानं उठून सॉरी म्हणत. यजमान त्र्यंबकराव रेल्वेतून निवृत्तीला आलेले, मुलगी कॉलेजात. तोंड उघडून करणार काय? असल्या चुका नावावर साचत गेल्या आणि बाईंच्याच हाताखाली शिकलेली भवानी त्यांची साहेब झाली. त्या रात्री बाई जेवल्या नव्हत्या. तो राग त्यांनी लोणच्यासारखा मुरवला होता.

कॉफीच्या दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सिरुसेरीच्या सॉफ्टवेअर कंपनीतला मंदार फळ्यापाशी उभा राहिला.

“जुने कॉम्प्युटर टाकायचे नाहीत. प्रत्येक खात्यानं फक्त आपली एक खिडकी उघडायची. विक्रीनं विचारलं, माल आहे का, की गोदामाची खिडकी तिथल्या तिथे उत्तर देणार. तेच उत्तर गिऱ्हाइकाला, तेच तुमच्या पडद्यावर.”

“यात धंद्याचा फायदा काय?” धाकटे मालक अरुण म्हणाले.

“आज तुम्ही कबूल करता एक आणि पोचतं भलतंच. म्हणून गिऱ्हाइकं तुटताहेत. ती टिकतील.”

उमाकांतराव खाकरले. “उत्तर बाहेर जाण्याआधी कमलिनी मॅडमनी एकदा तपासावं. अनुभवी आहेत.”

सगळे बाईंकडे बघू लागले. हो म्हटलं तर निवृत्तीपर्यंत पगार चालू, आणि निवृत्तीपर्यंत ते बोटही चालू. बाईंना सगळं लख्ख दिसत होतं.

“मध्ये माणूस नको,” त्या म्हणाल्या. “मी तर नकोच.”

“मग तुमचं काम...” अरुण अडखळले.

“राहणार नाही. ठाऊक आहे मला.”

उमाकांतरावांचा चेहरा खर्रकन उतरला. बाईंनी तो डोळे भरून पाहिला.

पोंगलनंतर खिडक्या उघडल्या. बाईंच्या नोकरीतल्या शेवटच्या सोमवारी, ऐन मीटिंगमध्ये मदुराईच्या कृष्णाजींचा फोन आला. उमाकांत साहेबांनी शुक्रवारी माल निघाला म्हणून सांगितलं होतं, तो कुठे आहे?

उमाकांतरावांना तो नवा पडदा म्हणजे पोरांचं खेळणं वाटत होता. सवयीनं त्यांचं बोट उठलं. “टायपिंगची चू...”

“मॅडमनी पोंगलपासून एक अक्षर टाइप केलेलं नाही,” अरुण पडद्याकडे बघत म्हणाले. “गोदाम म्हणतंय, माल शिल्लक नाही. आणि ‘माल निघाला’ याखाली तुमचं नाव आहे.”

उमाकांतरावांचं बोट हवेतच राहिलं होतं.

“भावजी,” कमलिनीबाई सगळ्यांसमोर, मराठीत म्हणाल्या, “उठून सॉरी म्हणा.”

अरुणना मराठी येत नव्हती, पण कुणाला भाषांतर लागलं नाही. उमाकांतराव उठले आणि म्हणाले. बाईंना आनंद झाला, अगदी मनापासून झाला. खोटं कशाला सांगा?

पुढच्या सोमवारी त्यांनी नेहमीसारखं उठून डबा भरला, साडी नेसून पर्स खांद्याला लावली आणि दाराशी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पेपर बाजूला करून त्र्यंबकराव नुसते बघत राहिले.

बाईंनी चपला काढल्या. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी पाट मांडला, डबा उघडला आणि घास घ्यायला सुरुवात केली. मध्येच डोळे भरून आले, तरी थांबल्या नाहीत. सगळा डबा संपवूनच उठल्या.