काचेतलं माहेर

पोंभुर्ण्याहून निघालेली एसटी मधेच बंद पडली. ऊन डोक्यावर चढलं. आशाबाई कशीबशी संग्रहालयाच्या दारात पोचली, तर तिथला पहारेकरी म्हणतो कसा, "चपला बाहेर, पिशवी बाहेर, तंबाखूचा खर्राही बाहेर." मीच बाहेर थांबते, लुगडं तेवढं पाठव बाबू, असं तिच्या ओठावर आलं होतं. पण मागं मुलगा प्रफुल उभा होता, आणि त्याच्यासमोर तिला तोंडच उघडायचं नव्हतं. सकाळपासून तिनं अबोला धरला होता.

करामत त्याचीच ना! ती लेकीच्या बाळंतपणाला धानोऱ्याला गेली, अन् इकडं या नव्या खासगी संग्रहालयाची माणसं जुनी कापडं मागत गावात आली. या शहाण्यानं आईची पेटी उघडून कोशाचं रेशमी लुगडं काढून दिलं. कोणी नेसत नाही, नुसतं पडून आहे, म्हणे!

पडून कसलं? जपून ठेवलं होतं ते. बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं लुगडं घालतात. आशाबाईच्या माहेरी आता होतंच कोण? एकुलता भाऊ गोपाल गेला, मागं दिवा लावायलाही कोणी नाही. म्हणून आईचं हे लुगडं तिनं त्या दिवसासाठी राखलं होतं. पण आपल्या मरणाचं पोरापाशी कसं काढायचं? अभद्र बोलू नये म्हणून ती गप्प राहिली, आणि तिथंच घात झाला.

आत काचेच्या कपाटात लुगडं ताणून लावलेलं होतं. काठाजवळचा आईच्या लग्नातला हळदीचा डाग तसाच होता. आशाबाईनं हात पुढं केला, तो काचेला लागला.

"मॅडम, पोट्ट्यानं चुकून देल्लं. वापस द्या."

तिथल्या दिव्यानी मॅडम गोड हसल्या. "दान आलेली वस्तू परत देता येत नाही, मावशी. आणि इथं किती छान राहील! शंभर वर्षं काही होणार नाही."

"मले कुठी शंभर वर्षं जगाचं हाय? मले त्याचं एकाच दिवसाचं काम हाय!"

"कसलं काम?"

आता बोलावंच लागलं. "मेल्यावर अंगावर घ्याले."

प्रफुलचं तोंड उतरलं. "आई, मले काऊन नाई सांगतलं तू?"

"तू काऊन नाई इचारलं?"

मॅडम जरा गडबडल्या. साहेब नागपूरला गेलेत, पुढच्या महिन्यात या, विचारून पाहते, पण नियम म्हणजे नियम, मावशी. आशाबाईचा जीव नुसता जळून राह्यला होता. मेले बोलतात साखरेवानी, अन् देत तं काहीच नाहीत!

ती तिथंच, कपाटाला पाठ लावून, फरशीवर बसली. पहारेकरी धावत आला.

"बाई, इथी बसता येत नाई. उठा."

"काऊन उठू? माह्या माहेरी आली मी," आशाबाई म्हणाली. "पहिले पाणी तं इचार."