बैठकीतला टांगता दिवा

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासण्यात तिची बावीस वर्षं गेली होती, त्यामुळे रविवारीसुद्धा तिची नजर स्वस्थ बसत नसे. जुन्या पितळेचं तिला भारी वेड. घरात सदतीस दिवे, अकरा किटल्या आणि पलंगाखाली कड्या-कोयंड्यांची पेटी. "आता या घरात फक्त मीच नवा," असं नवरा कुरकुरायचा आणि पुढचा खिळा ठोकायला स्टुलावर तोच चढायचा.

त्या रविवारी जुन्या सामानाच्या दुकानात तिला मागच्या फळीवर एक टांगता दिवा दिसला. तीन साखळ्या, दुधी काचेची टोपी. तिनं तो खाली घेतला, उलटा केला आणि साखळ्या बोटांनी चाचपल्या. मधल्या साखळीतली एक कडी तांब्याच्या तारेची होती, वर सोल्डरिंगचा ओबडधोबड गोळा. ती दुरुस्ती वडिलांची. त्यांच्याइतकं वाईट सोल्डरिंग जगात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

हा दिवा ती बारा वर्षांची असताना घरातून नाहीसा झाला होता. आळ आला इस्त्रीवाल्या मावशींवर. दर आठवड्याला त्या घरी येऊन कपड्यांना इस्त्री करायच्या. आईनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. आणि त्याआधी आईनं खोदून विचारल्यावर हीच बोलून गेली होती, "मावशी सारख्या दिव्याकडे बघत असतात."

"हा कुठून आला?" तिनं दुकानदाराला विचारलं.

"एका फोटोग्राफरच्या घरातून. म्हातारा गेला, मुलीनं सामान काढलं. कॉलेजच्या कुणा पोरानं कॅमेऱ्याच्या बदल्यात दिलेला म्हणे."

कॅमेरा! दादाकडे कॉलेजात असताना एक कॅमेरा होता. मित्राचा आहे, असं तो सांगायचा.

दिवा घरी आला, पण तिला बसवेना. चहाचं आधण ठेवलं नि गॅस पेटवायचाच राहिला. इतर दिवे पुसायला घेतले, अर्धे तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात डावं भिंग उजवीकडे बसवलं. शेवटी अर्धी रजा टाकून ती थेट दादाच्या छापखान्यात गेली आणि शाई लागलेल्या टेबलावर तिनं दिवा ठेवला.

दादानं मशीन बंद केलं.

"किती वर्षं झाली त्याला," तो म्हणाला.

"म्हणजे तूच."

"आईला सांगणार होतो गं. उद्या सांगू, परवा सांगू... मग मावशी यायच्याच बंद झाल्या."

"बंद झाल्या? आपण हाकललं त्यांना!"

"आता उकरून काय मिळणार? त्यांना आठवतही नसेल."

"चल, विचारू."

तो आला नाही. तिनं दोन दिवस विचारपूस करून पत्ता काढला आणि एकटीच गेली. शिंप्याच्या दुकानामागची एक खोली. मावशी खाटेवर बसल्या होत्या, त्यांची मुलगी मशीनवर शिवत होती. पिशवीतून दिवा बाहेर निघताच मावशी म्हणाल्या, "अगं, हा तर तुमच्या बैठकीतला! सापडला होय?"

तिनं सगळं सांगितलं. दादाचं सांगितलं, मग स्वतःचं.

मावशींनी साखळीवरून बोट फिरवलं. "बघायचे खरी. आवडायचा मला. तू खोटं नव्हती बोललीस." मग त्या म्हणाल्या, "पण तुझी आई त्यावर काय समजली, ते तुलाही कळलं होतं."

तिनं दिवा खाटेवर त्यांच्याजवळ सरकवला. "हा तुम्ही ठेवा, मावशी."

"मला कशाला? लोक म्हणतील, बघा, होता तो हिच्याकडेच." त्यांनी दिवा परत पिशवीत घातला. "त्याला घेऊन ये. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय."

पाच दिवस तिनं दादाचा पिच्छा पुरवला. फोन उचलेना तेव्हा ती छापखान्याच्या दारात स्टूल टाकून बसली. सहाव्या दिवशी तो चपला घालून बाहेर आला आणि तिच्यापुढे चालू लागला.

मावशींनी शिंप्यालाही आत बोलावलं. दादा उभ्यानंच बोलला. तो पुटपुटत होता, तेव्हा मावशी म्हणाल्या, "मोठ्यानं सांग." त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मावशींनी डोळे मिटून ऐकलं. "बरं झालं," एवढंच म्हणाल्या. माफ केलं म्हणाल्या नाहीत.

दोघं निघाली तेव्हा मुलगी दारापर्यंत आली. "तुमच्या घरानंतर इतर तीन घरांनीही आईचं काम बंद केलं," ती म्हणाली. "माझी शाळा त्याच वर्षी सुटली. हे आई सांगणार नाही, म्हणून मी सांगते."

एक चप्पल पायात घालून दादा तिथंच थांबला. मुलगी आत गेली आणि शिलाई मशीन पुन्हा धडधडू लागलं.