वाट अडवणारा बल्ब

मी एक जुना, पिवळ्या उजेडाचा बल्ब आहे. माझ्या भावंडांची घराघरांतून केव्हाच उचलबांगडी झाली. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. मला अजून काम आहे!

मी एका दुरुस्तीच्या दुकानात असतो. नवा सर्किट बोर्ड तयार झाला की पहिल्यांदा वीज सोडताना ती आधी माझ्यातून जाते, मग बोर्डात. बोर्डात शॉर्ट सर्किट असेल तर मी भगभगून पेटतो, सगळा ताप स्वतःवर घेतो आणि बोर्ड वाचतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर लकाकतो आणि मंद होतो. मंद झाल्यावर शाबासकी मिळवणारा दुसरा दिवा दाखवा बरं!

दुकान दोघा भावंडांचं. ताई शांत. धाकट्याला सगळे तुफान म्हणतात, ते काही उगाच नाही. त्या दिवशी दवाखान्यातल्या नर्सबाई दारातच उभ्या होत्या. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊब देणाऱ्या पेटीचा बोर्ड जळाला होता. तिकडे एक आई बाळाला छातीशी धरून बसली होती. ताईने नवा बोर्ड जोडला, बटण दाबलं, आणि मी भगभगलो.

"बल्बच बिघडलाय," तुफान म्हणाला. "म्हातारा झालाय तो. काढ त्याला, बोर्ड थेट लाव. बाई खोळंबल्यात!"

त्याने मला फिरवून काढायला हात घातला आणि चटका बसताच "आई गं!" करत झटकला. बरं झालं! मी जागचा हललो नाही.

"तो नाही म्हणतोय ना? मग नाही," ताई म्हणाली.

वीज बंद करून तिने बोर्ड उलटा केला, भिंग धरलं. दोन जोडांच्या मध्ये सोल्डरचा, म्हणजे जोडायला वितळवतात त्या धातूचा, केसाएवढा धागा अडकला होता. थेट वीज मिळाली असती तर बोर्ड फाटकन उडाला असता, आणि पेटी थंडच राहिली असती.

तिने धागा काढून पुन्हा बटण दाबलं. मी लकाकलो आणि शहाण्यासारखा मंद झालो. मग तिने मीटर लावून सगळं तपासलं. नर्सबाई बोर्ड पदराआड धरून जवळजवळ धावतच गेल्या. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "बाळ पेटीत गाढ झोपलंय."

हल्ली कुणी घाई केली की तुफानच म्हणतो, "थांबा, आजोबांना विचारू." आजोबा! वय काढलंच शेवटी.

मित्रांनो, भर घाईत "नाही" म्हणणारं कुणीतरी तुमच्याही घरात असेल. त्याच्यावर चिडा, खुशाल भांडा. पण त्याला अडगळीत टाकू नका. तो गप्प बसला, की मग आपलं काही खरं नाही.