लिंपलेली ढोली

मित्रांनो, मी एक जुना बेहडा आहे. रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या वरच्या चढावर, एका तीन मजली इमारतीच्या कुंपणात उभा आहे. इमारत माझ्यानंतरची. मी रुजलो तेव्हा इथे नुसता जांभा आणि करवंदीच्या जाळ्या होत्या. कुणाला खोकला झाला की बायका माझी फळं वेचून न्यायच्या, कौतुक करायच्या. आता तीच फळं गाड्यांच्या टपांवर पडतात आणि मी शिव्या खातो. एका वादळात माझी थोरली फांदी मोडली. तिथे हळूहळू ढोली पडली आणि लोक म्हणू लागले, झाड पोकळ झालं.

ढोलीच्या समोरच, दुसऱ्या मजल्यावर वैदेही राहते. तिची सावनी चार वर्षांची. लेक नुसती शिंकली तरी वैदेही थर्मामीटर शोधते. यंदा शिमग्यानंतर सावनी म्हणाली, झाडात कोणीतरी खरवडतंय. वैदेहीने कान दिला. खरंच खरखर होती. साप असणार, तिने ठरवूनच टाकलं. माझी एक फांदी तर थेट त्यांच्या गॅलरीला टेकलेली. दुसऱ्या दिवशी तिने माळीकाम करणाऱ्या सदूला सिमेंट घेऊन बोलावलं.

सदू शिडीवर चढला आणि थबकला. "वैनी, ही ढोली कोणीतरी आधीच लिंपलीन. गवंडी माझ्यापेक्षा बरा दिसतो."

"फट राहिली असेल तर तीही बुजवा, सदूभाऊ."

बोटभर फट होती. त्याने थापीवर सिमेंट घेतलं. मित्रांनो, आत कोण आहे ते मला ठाऊक होतं, पण मला ओरडता येत नाही.

तेवढ्यात पंखांचा मोठा आवाज करत एक धनेश माझ्या फांदीवर उतरला. बाकदार पिवळ्या चोचीत उंबर. शिडीवरचा माणूस पाहून तो पुढे येईना आणि जाईनाही. सदूने थापी खाली केली. मादी आत बसून दार स्वतःच लिंपून घेते, नर फटीतून तिला भरवतो, असं त्याने सांगितलं. फट बुजली तर पिल्लं उपाशी मरतील.

"म्हणजे आई आतच आहे?" वैदेहीने विचारलं.

"होय तर. पोरांसाठी तिनंच कोंडून घेतलान."

सावनी रांगू लागली तेव्हा वैदेहीने गॅलरीला जाळी मारून घेतली होती. त्या जाळीतूनच ती पक्ष्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उतरा तुम्ही. तो खोळंबलाय."

गॅलरीला टेकणारी फांदी मात्र तिने छाटून घेतलीच. दुखलं मला, पण राग नाही आला. त्यानंतर रोज दुपारी मायलेकी गॅलरीत बसून वरणभात खात, नराची वाट बघत.

वैशाखात एका सकाळी लिंपण फुटलं. आधी आई बाहेर आली, मागून एक पिल्लू. ते काठावर डगमगत बसलं. "पडेल गं ते," वैदेही पुटपुटली. पिल्लाने पंख उघडले आणि समोरच्या माडावर जाऊन बसलं.

मित्रांनो, शहरातल्या म्हाताऱ्या झाडाला पोकळी दिसली की बुजवायला धावू नका. चार दिवस थांबा, बघा. मी आतून पोखरला गेलो, म्हणूनच एका आईला माझ्यात दार लावून बसता आलं.