शेंदराची खोळ

आमचा दीर चंपतराव, याला लोक हुशार म्हणत, आणि तो होताच. नाहीतर देवी विकूनही ती देवळात बसलेली दाखवणं कोणाला जमतं? वांकिडीच्या शिवारातल्या आमच्या मायच्या मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदूर चढून वीतभर जाड खोळ झाली होती. छप्पन साली दसऱ्यानंतर नागपूरचा एक जुन्या मूर्तींचा व्यापारी आला, आणि सारं गाव कापूस वेचायला गेलेलं असताना या लबाडानं त्याला खोळीच्या पाठीत भोक पाडून दिलं. आतली हातभर उंचीची काळी मूर्ती त्यांनी मागून ओढून काढली, भोकात फडकं कोंबून वर शेंदूर फासला, आणि गाव त्या रिकाम्या खोळीपुढे नारळ फोडत राहिलं. मला कळलं ते शेंदूर लावताना माझी पाटली आपटून मडक्यासारखा आवाज आला म्हणून. तळपायाची आग मस्तकात गेली; याला धरलं, तर यानं सारं कबूलही केलं.

"वयनी, तुमी काऊन तापून राह्यल्या?" चंपतराव भाकरी मोडता मोडता म्हणाला. "देवी तं जाग्यावरच हाये. आन् फिर्याद कोन्या सरकारकडं नेसान? मूर्ती गेली तवा आपण हैदराबाद राज्यात होतो, आता आंध्रात आलो. नागपूर गेलं मुंबई राज्यात."

व्यापाऱ्याकडे याच्या दस्तखताचा कागदही होता: शेतात सापडलेला बेवारस दगड. जिच्या ओटीत आम्ही आमची लेकरं घातली, ती बेवारस! गावाला सांगितलं तर माणसं माना खाली घालून म्हणाली, जाऊ द्या बाई, बोभाटा कशाला. मला त्या मानांचाच जास्त संताप आला.

मी आसिफाबादेला पोलिसांच्या अमीनसाहेबांच्या, म्हणजे फौजदारांच्या, दारात जाऊन बसू लागले. त्याच दिवसांत शेंदूर लावताना खोळ हाताला कोमट लागू लागली. वाटलं, ऊन असेल. पण गाभाऱ्यात ऊन येत नाही, आणि पौष लागला होता. मग लावलेलं तेल सकाळपर्यंत पार मुरलेलं दिसू लागलं, बाळाच्या टाळूवर जिरतं तसं. मी कोणाला बोलले नाही. बोलले असते तर चंपतरावाला आयतंच कोलीत मिळालं असतं.

शेवटी अमीनसाहेब आले, पंच गोळा केले. "खोळ रिकामी आहे असं पंचांसमोर ठरलं, तर चोरीची फिर्याद उभी राहील आणि नागपूरला आमचा माणूस जाईल," ते मला म्हणाले. "नाही ठरलं, तर मूर्ती बोटीनं परदेशात गेलीच समजा."

खोळ फोडू द्यायला गाव तयार नव्हतं, आणि भोकात हात घालायला एकही मिशीवाला पुढे होईना. मीच पदर खोचला, फडकं उपसलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

आत दगड नव्हता. एका उबदार हातानं माझी बोटं घट्ट धरली.

"सांगा बाई," अमीनसाहेब म्हणाले. "आत काही आहे?"

चंपतराव पंचांच्या मागे उभा राहून गालात हसत होता. ते हसू पाहून माझं डोकं पुन्हा भडकलं. आता मी कचरले तर माय कायमची गेली, हे मला कळत होतं.

"काही नाही," मी म्हणाले. "रिकामंच आहे."

आतल्या हातानं माझी बोटं सोडली. एकेक करून.